भांडण्याइतकं आपलं

परदेशी जाणाऱ्याला निरोप कसा द्यायचा, ते आपल्याला नीट ठाऊक आहे. हातावर दही ठेवायचं, बॅगेत मेतकूट आणि लोणचं कोंबायचं, विमानतळाच्या काचेपलीकडे माणूस दिसेनासा होईपर्यंत हात हलवायचा. पण परदेशातून येऊन इथंच राहिलेल्या माणसाचं काय करायचं, हे आपल्याला अजून उमगलेलं नाही. त्याचं कौतुक आपण करतो, त्याला सरळ आपला म्हणत नाही. गेल ऑम्व्हेट, ऐंशी वर्षांच्या आयुष्यातली निम्म्याहून अधिक वर्षं तुम्ही या मातीत काढलीत, तरी तुमच्या निधनाच्या बातमीत तुमच्या नावाआधी अमेरिका आलीच.

तुम्ही मिनियापोलिसच्या. मिनेसोटा हे दहा हजार सरोवरांचं राज्य म्हणवतं. तिथं हिवाळ्यात पाणी गोठून त्यावरून माणसं चालतात. १९६३ साली तुम्ही इंग्रजी शिकवायला भारतात आलात, परत गेलात आणि बर्कलेच्या विद्यापीठातून संशोधनासाठी पुन्हा इकडेच वळलात. त्या काळात पश्चिमेकडची कितीतरी तरुण मुलं भारताच्या ओढीनं येत होती. कुणाला गुरू हवा होता, कुणाला गंगेचा घाट, कुणाला सतार, कुणाला गांजा. त्यांना इथली शांती हवी होती. तुम्हाला इथलं बंड दिसलं. तुम्ही पुण्या-कोल्हापूरकडे आलात, पिवळी पडलेली सत्यशोधकी वर्तमानपत्रं उघडलीत, मराठी शिकलात आणि जोतीराव फुल्यांच्या वाटेनं चालत गेलात.

पुण्यात फुल्यांचा सत्यशोधक समाज स्थापन झाला तो १८७३ साली. पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीवरचा तुमचा प्रबंध पुरा झाला १९७३ साली. बरोबर शंभर वर्षं. एवढ्या काळात आमच्या घरातल्याच या ठेव्यावर किती धूळ साचली होती! खेड्यापाड्यांतले जलसे, शेठजी-भटजींच्या नावानं रचलेले पोवाडे, गावोगावी भरलेल्या परिषदा, हे सारं आमच्या कानावरून गेलेलं होतं. त्याला विचारांचा इतिहास म्हणायचं धाडस फार थोड्यांनी केलं होतं. तुम्ही या बंडाला सांस्कृतिक बंड म्हणालात आणि जगापुढे मांडलंत. आमचे आजोबा कशासाठी भांडले, हे आमच्यापैकी अनेकांना तुमच्या पुस्तकातून कळलं. ही गोष्ट अभिमानाची की शरमेची, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

मग कासेगाव आलं. कृष्णाकाठचा वाळवा तालुका, उसाचं रान, बाजूनं धावणारा पुणे-बंगळूर रस्ता. भारत पाटणकरांशी तुमचं लग्न झालं १९७६ साली. ज्या घरात तुम्ही आलात, त्याला स्वातंत्र्यलढ्यातल्या पत्री सरकारचा वारसा होता. सासू इंदुताई स्वतः लढ्यात उतरलेल्या. गावानं तुम्हाला शलाका पाटणकर केलं. १९८३ साली तुम्ही भारताचं नागरिकत्व घेतलंत. आपला कायदा दोन देशांचं नागरिकत्व ठेवू देत नाही, म्हणजे एक घेताना दुसरं सोडावं लागतं. ज्या देशाच्या व्हिसासाठी आमची पोरं वकिलातीच्या दारात पहाटेपासून उभी राहतात, त्याचा पासपोर्ट तुम्ही सोडून दिलात.

खानापूर तालुका कासेगावापासून दूर नाही. त्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पाण्यावाचून देशोधडीला लागली. कुणी गलाईच्या धंद्यात सोनंचांदी आटवत भारतभर पांगलं, कुणी मुंबईच्या गिरणीत गेलं. १९८२ चा संप झाला, गिरण्यांची धुराडी थंडावली आणि कामगार रिकाम्या हातानं गावी परतले. त्यांच्यातूनच मुक्ती संघर्ष ही चळवळ उभी राहिली. येरळा नदीच्या पात्रातली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. लोकांनी ती स्वतः विकून आणि आणखी पैसा उभा करून बळीराजा धरण बांधलं. त्यामागचा विचार साधा आणि भयंकर होता. जमीन असो वा नसो, पाण्याचा वाटा प्रत्येक घराला. तुम्ही या लढ्याबरोबर राहिलात, त्याबद्दल लिहीत राहिलात. सरोवरांच्या मुलखातली मुलगी अशा तालुक्याची झाली, जिथं पाणी आधी न्यायाचा प्रश्न असतं आणि मग तहानेचा.

परका माणूस आपल्या देशावर प्रेम करतो म्हणजे काय करतो? आपल्याला वाटतं, तो स्तुती करत असणार. तुम्ही स्तुती करायला आला नव्हता. बायांच्या लढ्यावर लिहिलंत, तेव्हा मोर्च्यातली घोषणा ऐकलीत आणि घरातली घुसमटही. डाव्या मित्रांना ठणकावलंत, की वर्गाचं बोलता बोलता जातीला वळसा घालू नका. शरद जोशींच्या शेतकरी आंदोलनाची बाजू घेतलीत, तेव्हा तेच मित्र दुखावले. नर्मदेवरच्या धरणांच्या वादात अरुंधती रॉय यांना खुलं पत्र लिहिलंत. जागतिकीकरणाबद्दलची तुमची मतं अनेकांना पटली नाहीत, आणि आजही पटत नाहीत. पाहुणा असं करत नाही. तो मीठ कमी पडलं तरी छान झालंय म्हणतो. भांडतो तो घरचा माणूस, कारण घर कसं असावं याची काळजी त्याला असते. इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही पाहुणीसारख्या वागला नाहीत, आणि आम्ही मात्र तुम्हाला पाहुणचार देत राहिलो.

संत रविदासांनी एका नगरीचं स्वप्न पाहिलं होतं. तिथं दुःख नाही, कर नाही, कुणी खालचा-वरचा नाही. बेगमपुरा. तुम्ही २००८ साली आलेल्या पुस्तकाला तेच नाव दिलंत आणि त्या नगरीच्या शोधात रविदासांपासून बाबासाहेबांपर्यंतची वाट चाललात. भारत पाटणकरांबरोबर बसून तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेलेत. बुद्धाचा भारत धुंडाळलात. हे सगळं वाचताना कळतं, की तुमचा लाडका देश नकाशावर दाखवता येण्यासारखा नव्हता. तो इथल्याच माणसांनी पुनःपुन्हा मागितलेला आणि अजून मिळायचा राहिलेला देश होता. तुम्ही त्याच्या वाटेवर राहायला आलात. म्हणूनच तुमच्या जाण्याचं दुःख करताना आमचे शब्द अडखळतात. हा शोक करायचा, तर ती वाट आपण किती चाललो, हेही सांगावं लागतं.

आता गेल ऑम्व्हेट यांची पुस्तकं आहेत. आमच्या कपाटात ती आदरानं उभी आहेत, आणि आदरानं उभी राहिलेली पुस्तकं फार कमी वेळा उघडली जातात. वाचकहो, ती उघडा, समासात भांडण लिहा, पटलं नाही तर तसं म्हणा. त्यांना तेच आवडलं असतं, असं वाटण्याइतके पुरावे त्यांनी मागं ठेवले आहेत. आणि पुढच्या वेळी त्यांची ओळख करून देताना 'परदेशी विदुषी' म्हणू नका. त्या २५ ऑगस्ट २०२१ रोजी वारल्या. पत्ता लिहायचाच असेल तर असा लिहा: मुक्काम पोस्ट कासेगाव, तालुका वाळवा, जिल्हा सांगली.