त्रिरश्मीच्या भिंतीवरील हिशेब

जागतिक वारसा दिनी, १८ एप्रिलला, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांना प्रवेशशुल्क नसते. एक दिवस पेढी बंद ठेवून नाशिकची पांडवलेणी सहकुटुंब पाहण्यास हा दिवस उत्तम. ऊन तापण्यापूर्वीच डोंगर चढावा. पायऱ्या बऱ्याच आहेत, वडीलधाऱ्यांना सावकाश न्यावे.

क्रमांक ११ चे लहानसे लेणे जैन आहे. तेथील ऋषभनाथांना वंदन करून, अंबिकेची मूर्ती पाहून आम्ही आजवर कित्येकदा तसेच परतलो. शेजारच्या दहाव्या लेण्यात व्यापाऱ्याने आवर्जून पाहावा असा शिलालेख आहे, हे फार उशिरा कळले. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापण कायमनिधी म्हणून गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ठेवले: २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे. मुलांना तेथेच हिशेब घालावा. २,००० चे वार्षिक व्याज २४०. वस्त्रांसाठी वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा. चोख जुळतो! हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदविलाही होता.

दुपारी त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीचे नाणे संग्रहालय पाहावे. वेळ व शुल्क आधी विचारून घ्यावे. जाताना मुलांना जोगलटेंभीची हकीकत सांगावी. १९०६ साली तेथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील बहुतेकांवर विजेत्या गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला होता. राज्य पालटले, चांदी मात्र बाजारात फिरतच राहिली.

अंजनेरीहून वेळेत निघाल्यास चोविहारापूर्वी घर गाठता येते.