वेरूळचे सात ध्यानस्थ
छत्रपती संभाजीनगराहून वेरूळ सुमारे दहा कोस. गेल्या पौषात धाकट्या पुतण्यास तेथे नेले. मद्यापायी त्याचे हात थरथरत. डॉक्टरांच्या औषधांनी कंप थांबला, परंतु चित्त थाऱ्यावर येईना. पतंजलींनी चित्तविक्षेपांत अविरति गणून अंगकंप व विस्कळित श्वास हे त्यांचे सोबती सांगितले आहेत; हे शिकविताना मजपाशी घरचे उदाहरण नव्हते! पुण्यास १९८६ साली स्थापन झालेल्या मुक्तांगणात उपचारांच्या जोडीला शिकलेली आसने तो घरी टाळी.

बाराव्या लेण्याच्या तिसऱ्या मजल्यावर सात बुद्ध ओळीने ध्यानस्थ बसले आहेत. त्यांच्यासमोर तो न सांगता मांडी घालून बसला. मी घड्याळ पाहिले नाही. खोटे कशास बोलू, पाहिले. अकरा मिनिटे. उतरताना म्हणाला, "काका, संध्याकाळची गोळी बरोबर घेतली आहे ना?"