नदीचे मूळ कोणाला विचारावे?

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, ही म्हण सावित्रीच्या खोऱ्यात नीट बसत नाही. या नदीचे मूळ कोणी लपवलेले नाही. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात तिची धार दाखवतात. तिथून ती पोलादपूरकडे उतरते, महाडजवळ काळ आणि गांधारीचे पाणी घेते, सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांजवळून बाणकोटच्या खाडीला जाते. मग म्हणीने अडवलेले मूळ कोणते? पूर कशाने चढतो, पाण्याला वास कशाने येतो, खाडीतला मासा कशाने कमी झाला, हीसुद्धा नदीची मुळेच आहेत. ती शोधत गेले की शेवटी कोणाचे तरी नाव निघते. नदीचा अभ्यास करायला महाविद्यालयातून आलेली मुले नाव टिपून परत जातात. ते सांगणारा मात्र गावातच राहतो. त्याच्या घरातले कोणी एमआयडीसीत कामाला असते, कोणाचा वाळूच्या धंद्याशी संबंध असतो. त्यामुळे ही म्हण अज्ञानातून आली नसावी. एकत्र राहणाऱ्यांनी एकमेकांना सांभाळण्यासाठी ती धरून ठेवली असावी, असे वाटू लागते. विद्यार्थी आणि ग्रामस्थ मिळून पर्यावरणाचा अभ्यास करतात तेव्हा दोघांचा धोका सारखा नसतो, ही गोष्ट अशा उपक्रमांच्या कौतुकात सहसा येत नाही.

तरीही हा अभ्यास हवा, असेच माझे मत आहे, आणि त्याला महाडचा पूर हाच पुरावा आहे. 22 जुलै 2021 रोजी महाड बुडाले आणि त्याच दिवशी तळिये गावात दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. महाबळेश्वरला चोवीस तासांत 590 मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाल्याची नोंद आहे, तेव्हा कारण पाऊस, असे म्हणून वही मिटता येते. पण महाडकर वर्षानुवर्षे आणखी काही सांगत आले आहेत: पात्रात साचलेला गाळ, त्यातून तयार झालेली बेटे, दासगावजवळचा कोकण रेल्वेचा भराव, आणि वर चढणारी भरती. पर्जन्यमापकात यातले काहीच दिसत नाही. कोणत्या पुरात पाणी कोणत्या पायरीला लागले, कोणत्या बाजूने आधी शिरले, हे घराघरात माहीत असते. त्या पायऱ्यांची उंची मोजणे, भरतीच्या वेळा शेजारी मांडणे, 2005 आणि 2021 चे पूर ताडून पाहणे हे विद्यार्थ्यांना सहज जमेल. लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ इथून फार दूर नाही. याच रायगडात, कर्जत तालुक्यात, आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ केंद्रातील विद्यार्थ्यांनी नळपाणी योजनांचा अभ्यास केला आहे. नवशिकी मुले काय मोजणार, हा आक्षेप त्यामुळे फारसा टिकत नाही. पट्टी धरायला पदवी लागत नाही. मोजणी तपासणारा शिक्षक लागतो.

दुसरा आक्षेप अवघड आहे. गावाची आठवण पुरावा म्हणून कितपत धरावी? इथे महाडचाच इतिहास आडवा येतो, आणि तो टाळून पुढे जाणे मला शक्य वाटत नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांसह हजारो माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली. त्यानंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि वाद कोर्टात गेला. अस्पृश्यांनी इथले पाणी न घेण्याची वहिवाट अनादी आहे, असा दावा होता. म्हणजे तीही गावाची आठवणच होती, आणि जुन्याजाणत्यांच्या तोंडून खात्रीने सांगितलेली. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती वहिवाट अनादी असल्याचे सिद्ध झाले नाही, असा निर्णय दिला. ऋषीचे कूळ विचारू नये म्हणणाऱ्या समाजाने पाण्याच्या काठावर प्रत्येक माणसाचे कूळ विचारले होते. तेव्हा ‘स्थानिकांचे ज्ञान’ असे आदराने म्हणताना आधी विचारावे लागते, की यातले कोणते स्थानिक? सभेत पुढच्या खुर्चीवर बसलेले, की जाळे टाकणारे? पाणवठ्यावर रोज जाणाऱ्या बाया, की त्यांच्या वतीने बोलणारे सरपंच? वाडीतल्या कातकऱ्यांकडे वही घेऊन कोण जाते?

2002 च्या जैवविविधता कायद्याखालील नियमांनी गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही करायला सांगितली. राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घातल्यावर कितीतरी वह्या घाईने भरल्या गेल्या. कागद पूर्ण झाला, पण त्यात कोणाचा आवाज आला हे वहीवरून कळत नाही. विद्यार्थ्यांचा प्रकल्पही एका सत्रात, गुणांसाठी संपवायचा असतो, तर नदीला निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा द्यावा लागतो. एवढ्या थोड्या वेळात कातकऱ्यांचा विश्वास मिळत नाही, आणि विश्वास नसताना विचारलेले कूळ चौकशीसारखे वाटते. विचारले नाही तर जुनी उतरंड अहवालात उतरते. विचारले तर बोलणारा उघडा पडतो. यातून वाट कोणती, हे मला अजून ठरवता आलेले नाही, आणि म्हणीतला शहाणपणा पूर्वी वाटला तितका खोटा आता वाटत नाही.

सवला, दासगावला, पोलादपूरच्या वाड्यांवर जाणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना एवढीच विनंती: अहवालाची मराठी प्रत ग्रामपंचायतीत ठेवा, सांगणाऱ्यांची नावे त्यांना विचारल्याशिवाय छापू नका, आणि ज्यांच्यापर्यंत पोचता आले नाही त्या वस्त्यांची नोंद पहिल्याच पानावर करा.