गोडी अडवणारे रेणू

गोडीचा अभ्यास साखरेपासून सुरू करू नये, असं माझं ठाम मत आहे. तो गुडमारच्या पाल्यापासून करावा. वैद्य मधुनाशिनी म्हणतात तो हा वेल आपल्या सह्याद्रीतही वाढतो. नव्या विद्यार्थ्यांना मी त्याची दोन पानं चावायला देते. चव कडवट, हिरवट. मिनिटभर चघळायचं, चूळ भरायची आणि चिमूटभर साखर जिभेवर ठेवायची. दाताखाली नुसती रेती! मग बेसनाचा लाडू. तूप कळतं, बेसनाचा खमंगपणा कळतो, वेलचीसुद्धा कळते. गोड मात्र काहीच लागत नाही. चिंच आंबटच लागते, मीठ खारटच. अर्ध्या-पाऊण तासात गोडी हळूहळू परतते. बाकीच्या चवी शाबूत ठेवून एकच चव जाते, म्हणजे तिच्यासाठी जिभेवर वेगळी सोय असणार, हे मुलांना तिथल्या तिथे पटतं.

ती सोय २००१ साली नेमकी ओळखता आली. रुचिकलिकांमधल्या काही पेशींच्या आवरणात टी-वन-आर-टू आणि टी-वन-आर-थ्री ही दोन प्रथिनं जोडीनं बसलेली असतात. हा गोडाचा रिसेप्टर. दोघांचाही मोठा भाग पेशीबाहेर असतो, त्याला मिटणाऱ्या दोन पाळ्या असतात. उरलेला भाग आवरणात रुतलेला. साखर पाळ्यांमध्ये शिरते, पण तिची पकड सैल, म्हणून कपभर चहाला चमचाभर साखर लागते. सुक्रालोजची पकड घट्ट. साखरेच्या रेणूतले तीन हायड्रॉक्सिल गट काढून तिथे क्लोरीन बसवला की सुक्रालोज होतं. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस यांनी, तपासायला सांगितलेला पदार्थ चाखायला सांगितलाय असं समजून जिभेवर ठेवला, आणि त्याची गोडी उघड झाली. साखरेच्या सुमारे ६०० पट गोड, असं त्याचं वर्णन करतात. त्याचा अर्थ एवढाच की सहाशेवा हिस्सा पुरतो. जिभेला काही सहाशेपट गोड लागत नाही.

मला स्वतःला जास्त मोह पडतो तो अडवणाऱ्यांचा. भाजलेल्या कॉफीच्या बियांत लॅक्टिसोल नावाचा रेणू सापडतो. जॅम टिकण्यासाठी साखर भरपूर हवी, पण तेवढं गोड नको, अशा ठिकाणी तो वापरतात. लॅक्टिसोल माणसाची गोडी अडवतो, उंदराची नाही. असं का, हे शोधण्यासाठी संशोधकांनी माणसाचे आणि उंदराचे तुकडे जोडून संकरित रिसेप्टर तयार केले. उत्तर स्वच्छ मिळालं: टी-वन-आर-थ्रीचा आवरणात रुतलेला भाग माणसाचा असेल तरच लॅक्टिसोल चालतो. सायक्लामेट हा स्वीटनरही याच भागात बसतो, आणि तोही माणसालाच गोड लागतो. म्हणजे जवळपास एकाच जागी बसून एक रेणू रिसेप्टर चालू करतो आणि दुसरा बंद! गुडमारची जिम्नेमिक आम्लंही याच भागाला धरतात, म्हणून उंदरावर त्यांची मात्रा चालत नाही. पण त्याच पानात गुरमारीन नावाचं एक छोटं प्रथिन असतं, ते उंदराची गोडी दाबतं आणि माणसावर जवळजवळ निष्प्रभ ठरतं. एकाच पानात दोघांचा बंदोबस्त! उंदराला तर एस्पार्टेमही गोड लागत नाही. त्यामुळे त्याच्या आवडीनिवडीवरून माणसाच्या चवीबद्दल बोलताना फार जपायला हवं.

सॅकरिनची गंमत आणखी वेगळी. थोडं असलं तर गोड. प्रमाण फार वाढवलं की तेच त्या रुतलेल्या भागात बसून रिसेप्टर अडवतं, शिवाय कडू चवीचे रिसेप्टर जागे करतं. अशा दाट द्रावणानंतर साध्या पाण्यानं चूळ भरली की पाणीच गोड लागतं. लॅक्टिसोलनंतरही असंच होतं. २००६ साली त्याचा उलगडा झाला: अडवणारा रेणू धुऊन निघताच दबलेला रिसेप्टर उसळून चालू होतो. डाएट पेयांत एकाच स्वीटनरचा भडिमार न करता दोन-तीन थोडेथोडे मिसळतात. त्यामागे इतर कारणांबरोबर प्रमाण वाढल्यावर येणारा हा कडवटपणा टाळणं हेही आहे.