मुळशीच्या वाटेवर चित्रपटांची पारख

पुण्याच्या पश्चिमेस पौडच्या रस्त्याने गेले असता जो मुलूख लागतो, त्याचे मुळशी हे नाव महाराष्ट्राच्या कानी दोन वेळा मोठ्याने पडले. प्रथम 1921 साली, जेव्हा तेथील मावळ्यांनी धरणाखाली जाणाऱ्या आपल्या जमिनींसाठी सत्याग्रह केला. आणि त्यानंतर 2018 साली, जेव्हा ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट निघाला. आज घरातील तरुण मंडळींस मुळशी म्हटले की दुसरी गोष्ट तेवढी आठवते. यात त्यांचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. जे पडद्यावर दिसते ते लक्षात राहते, आणि जे छापून कपाटात ठेविले जाते ते बहुधा कपाटातच राहते. परंतु एखाद्या प्रांताची ओळख चित्रपटावरून ठरू लागली, म्हणजे तो चित्रपट त्या प्रांताच्या मातीवर उभे राहून पारखणे अवश्य होते.

या विचाराने गेल्या मार्गशीर्षात पुतण्या व दोन नातवंडे यांस बरोबर घेऊन आम्ही पुण्याहून ताम्हिणीपर्यंत जाऊन आलो. जमीन आणि पाणी यांच्यावर बेतलेले जे थोडे चित्रपट आमच्या घरी वेळोवेळी पाहिले गेले, त्यांची चर्चा वाटेत करावयाची असे ठरले होते. कसोटी आमच्या जुन्या विद्येतलीच घेतली. काश्मीरच्या क्षेमेंद्राने अकराव्या शतकात ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात काव्याचे प्राण औचित्यात आहेत असे सांगून त्याचे जे प्रकार गणले, त्यांत देशौचित्य हाही एक आहे. जो देश वर्णावयाचा, तो त्याच्या स्वभावास धरून वर्णिला आहे की नाही, हे त्यात पाहावयाचे. शेतकऱ्याच्या चित्रपटात शेत हे केवळ पाठीमागचा पडदा आहे, की कथेतील एक पात्र आहे, एवढेच आम्ही पाहत गेलो.

पौड रस्त्यास लागण्यापूर्वी लॉ कॉलेज रस्त्यावर प्रभात फिल्म कंपनीची जुनी वास्तू लागते. 1929 साली कोल्हापुरास स्थापन झालेली ही कंपनी 1933 साली पुण्यास आली. आणि 1960 पासून त्याच जागी चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था आहे. येथेच 1941 साली व्ही. शांताराम यांनी ‘शेजारी’ काढला. कथा विश्राम बेडेकर यांची. एका गावातील पाटील आणि मिर्झा या दोन जिवलग शेजाऱ्यांत धरणाच्या कामावरून फूट पाडली जाते, आणि अखेर धरण फुटते त्या प्रलयात दोघांचा शेवट एकत्रच होतो. केशवराव दाते व गजानन जागीरदार यांचा अभिनय आजही फिका पडलेला नाही. स्नेहाचा चित्रपट म्हणून तो उत्तम आहे, असे आम्ही निःसंशय म्हणू. परंतु धरणाचा चित्रपट म्हणून? तेथे धरण हे खलपुरुषाच्या हातातील एक हत्यार तेवढे आहे. पाणी कोठे जाणार, कोणाचे खाचर बुडणार, हा हिशेब त्यात कोणी मांडीत नाही. मुळशीचे धरण पुरे झाले 1927 साली, या वास्तूपासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर. चौदा वर्षांनी निघालेल्या चित्रपटास ते दिसू नये, याचे नवल वाटते.

चांदणी चौक ओलांडला की भूगाव, भुकूम, पिरंगुट अशी गावे येतात. गावे म्हणावयाची ती सवयीने. रस्त्याच्या दोहो बाजूंस मंगल कार्यालये, बंगल्यांच्या वसाहती, कारखाने आणि जमीन विकणे आहे असे फलक. याच तालुक्यात उत्तरेकडे हिंजवडीस संगणकाच्या धंद्याचे मोठे नगर वसले आहे. ‘मुळशी पॅटर्न’ पारखावयाचा तो येथे. प्रवीण तरडे यांनी लिहून दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात जमीन विकून बसलेला बाप मोहन जोशी यांनी केला आहे, आणि शहरात गुंडांच्या वाटेस लागलेला त्याचा मुलगा ओम भूतकर यांनी. आमचे मत स्पष्ट सांगतो. पूर्वार्ध खरा आहे. एकदा विकलेली जमीन परत येत नाही आणि आलेला पैसा टिकत नाही, हे त्या बापाच्या खाली गेलेल्या मानेवरून जितके समजते, तितके दहा व्याख्यानांनी समजणार नाही. उत्तरार्धात मात्र चित्रपट स्वतःच कोयत्याच्या प्रेमात पडतो. ज्या जीवनाची कीव यावयाची, त्याचा डौल वाटू लागतो. करुणाचा रौद्र होतो, आणि रौद्राची गोडी लागते. कर्त्या मंडळींनी अवश्य पाहावा. लहानांस दाखवू नये.

याचीच हिंदी आवृत्ती महेश मांजरेकर यांनी 2021 साली ‘अंतिम’ या नावाने काढली. तीत पोलीस अधिकाऱ्याचे काम प्रख्यात नट सलमान खान यांच्याकडे गेले, आणि नट मोठा झाला तसे शेत लहान झाले. देशौचित्य यात शोधू जाल तर हाती काही लागणार नाही. एक संध्याकाळ वाचविली तर नुकसान नाही.

पौड हे तालुक्याचे मुख्य ठिकाण. कचेरीसमोरच्या हॉटेलात चहा घेताना शेजारच्या बाकावर एक वृद्ध शेतकरी बसले होते. आमच्या टोपीवरून असो वा बोलण्यावरून असो, त्यांनी आमचा पेशा ओळखला. पुतण्याने चित्रपटाची गोष्ट काढताच ते म्हणाले, “गुरुजी, पिक्चर काही खोटा न्हाई. पर त्यो आल्यापासनं आमच्या पोरांनी पुण्यात तालुक्याचं नाव सांगितलं, की समोरचा हसतोय तरी, न्हाईतर दचकतोय तरी. ज्यांनी जमिनी इकल्या त्यांचा पिक्चर झाला. ज्यांनी इकल्या न्हाईत, आंबेमोहर लावत बसले, त्यांचा कोन काढनार?”

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि ते त्यांनीही मागितले नाही. परंतु त्यावरून एक जुना चित्रपट आठवला. बाबूराव पेंटर यांनी 1925 साली कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी त्यात तरुण शांताराम यांनी केला होता. त्या मूकपटाची प्रत आज उरलेली नाही. तेव्हा त्यावर निकाल देणे न्यायाचे होणार नाही. अंधाऱ्या झोपडीचे आणि रडणाऱ्या कुत्र्याचे त्यातील एक दृश्य जे. बी. एच. वाडिया यांच्यासारख्या जाणत्या चित्रपटकर्त्याच्या मनात वर्षानुवर्षे राहिले, यावरून त्याची जात समजते. देवदेवतांच्या कथा चालत असता, ज्या काळी मुळशीची जमीन जात होती त्याच काळी जमीन गमावणाऱ्या माणसाकडे पाहावेसे एका कलावंतास वाटले, ही गोष्ट लहान नाही.

आणि सावकाराचे नाव निघालेच आहे, तर आमच्या वाचकवर्गास थोडे कडू बोलणे भाग आहे. मुळशी पेट्यातील पुष्कळ जमीन तेव्हा पुण्याच्या सावकारांकडे अडकलेली होती, आणि त्या सावकारांत आपल्या समाजाची घराणी थोडी नव्हती. सत्याग्रहाचे पुढारी पुण्याचे, तसे मोबदल्याकडे डोळे लावून बसलेलेही पुण्याचेच. मावळे तुरुंगात जात असता पुष्कळ सावकारांनी मोबदला पत्करला. पडद्यावरील सावकार आपण परका समजून पाहतो. तो कदाचित आपल्याच जुन्या वाड्याच्या ओसरीवर बसलेला असेल.

पौडच्या कचेरीकडे पाहताना आठवला तो जब्बार पटेल यांचा ‘सामना’, 1975 सालचा. विजय तेंडुलकरांची पटकथा, साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटलाच्या भूमिकेत निळू फुले आणि वाट चुकलेल्या मास्तरांच्या भूमिकेत श्रीराम लागू. मारुती कांबळे या माणसाचे पुढे काय झाले, हा एकच प्रश्न मास्तर विचारीत राहतात, आणि त्या एका प्रश्नाने सारी सत्ता हलते. शिक्षकाच्या पेशाचे आमचे म्हणणे पक्षपाती वाटेल; तरी सांगतो, की मराठीत इतका सरळ आणि इतका निर्भय चित्रपट क्वचितच निघाला. मद्यपानाचे प्रसंग पुष्कळ आहेत; वयात आलेल्या मुलांबरोबर बसून पाहण्यास हरकत नाही. मुळशीच्या बाबतीतही तोच प्रश्न लागू आहे. उठविलेल्या माणसांचे पुढे काय झाले?

पौडच्या पुढे वाट डोंगरात शिरते, भातखाचरे दिसू लागतात, आणि मग एकाएकी धरणाचे पाणी समोर येते. विस्तीर्ण, शांत, निळे. मुले फोटो काढू लागली. त्यांना आम्ही एवढेच सांगितले, की या पाण्याखाली गावे आहेत. धरण टाटांच्या वीजकंपनीने बांधले. मुळा नदी स्वभावतः पूर्वेस पुण्याकडे जाणारी; तिचे पाणी येथे अडवून बोगद्यातून पश्चिमेस घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडले, आणि तेथून ते कुंडलिकेला मिळून कोकणात गेले. वीज मुंबईस गेली. याविरुद्ध 1921 च्या रामनवमीस सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव हिंडून लोक उभे केले. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट या लढ्यातच ‘सेनापती’ झाले, वारंवार तुरुंगात गेले, आणि 1924 च्या अखेरीस कामावरची आगगाडी अडविल्याबद्दल त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली. स्त्रियांनीही शिक्षा भोगल्या. धरण झाले ते झालेच.

तेवढ्यात धाकट्या नातीने विचारले, “आजोबा, मग ती जमीन शेवटी कोणाकडे गेली?”

“पाण्याकडे,” असे तिच्या दादाने सांगून टाकले. “आणि पाणी कोणाकडे गेलं?” असे तिने पुन्हा विचारले. इतका नेमका प्रश्न आम्ही कोणत्याही चित्रपटात ऐकलेला नाही.

धरणाच्या काठी दोन चित्रपटांची तुलना करण्याजोगी आहे. आशुतोष गोवारीकर यांचा ‘स्वदेस’, 2004 सालचा, वाईजवळ मेणवलीस चित्रित झालेला. त्यात गावकरी स्वतः पाणी वळवून स्वतःपुरती वीज करतात, आणि दिवा लागताच एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा उजळतो. तीन तासांहून अधिक लांबी सोसावी लागते, उपदेशही थोडा जास्त आहे. तथापि पाणी गावाचे, श्रम गावाचे आणि उजेडही गावाचा, हा विचार मुळशीच्या काठी उभे राहिले असता स्वप्नासारखा गोड आणि तितकाच दुःखद वाटतो. मुलांस जरूर दाखवावा.

दुसरा बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’, 1953 सालचा. बलराज साहनी यांचा शंभू कर्ज फेडण्यासाठी कलकत्त्यास हातरिक्षा ओढतो; परत येतो तेव्हा त्याच्या शेतावर गिरणी उभी राहत असते. तो कुंपणाशी वाकून मूठभर माती उचलतो, आणि पहारेकरी तीही त्याला टाकून द्यावयास लावतो. सर्व चित्रपटांत आम्ही पहिला क्रमांक यास देतो. यात कोयता नाही, सूड नाही. एक मूठ माती आहे. मुळशीपासून शेकडो मैलांवरची कथा असून ती मुळशीची वाटते, ही देशौचित्याची खरी परीक्षा होय. ज्याने एक शेत नीट दाखविले, त्याने सर्व शेते दाखविली.

ताम्हिणीच्या घाटात अरण्य दाट होते, आणि तेथे ‘जैत रे जैत’ आठवल्यावाचून राहत नाही. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी 1977 साली काढलेला हा ठाकरांचा चित्रपट. लिंगोबाच्या डोंगरावरील मधमाश्यांशी हट्टाने झुंजणारा नाग्या, आणि त्याच्याबरोबर त्या हट्टात उतरलेली चिंधी. मोहन आगाशे व स्मिता पाटील यांची कामे, महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत. गाणी पुष्कळ आहेत, आणि ज्यांस कथानक वेगाने हवे त्यांनी या वाटेस जाऊ नये. पण येथे डोंगर खरोखर पात्र आहे. तो विकता येत नाही, विकत घेता येत नाही. त्याच्याशी भांडावे लागते आणि त्याला भ्यावे लागते. आपल्या सह्याद्रीचा स्वभाव याहून चांगला आम्ही पडद्यावर पाहिला नाही.

मुळशीच्या सत्याग्रहावर कथापट काढावा, अशी सूचना आम्ही चित्रपटकर्त्यांस करतो. त्यात बापट असावेत, भुस्कुटे असावेत, पण मध्यभागी खाचर असावे. आणि ओसरीवरचा सावकारही वगळू नये. तोवर घरोघर एवढे करता येईल. ‘दो बिघा जमीन’ मुलांसह पाहावा. ‘जैत रे जैत’ पावसाळ्यात पाहावा. ‘सामना’ थोरल्यांनी पाहावा. आणि ‘मुळशी पॅटर्न’ पाहिलाच, तर त्याच संध्याकाळी तरुण मंडळींस 1921 ची हकीकतही सांगावी, म्हणजे त्या तालुक्याच्या नावाचे दोन्ही अर्थ त्यांच्यापाशी राहतील. प्रत्येक चित्रपट संपल्यावर मात्र एक प्रश्न अवश्य विचारावा : यातील जमीन शेवटी कोणाकडे गेली? ज्या चित्रपटास याचे उत्तर देता येते, तो पुन्हा पाहण्यास हरकत नाही.