खारओल

तिवराचे पान हातात घेऊन उलटून पाहावे. वरून ते हिरवे, तुकतुकीत. खालून राखाडी, बारीक लव ल्यालेले. उन्हे चढली की या पानावर मिठाचे कण दिसू लागतात, इतके सूक्ष्म, की डोळ्यांआधी बोटाला कळावेत. ठाण्याच्या खाडीकाठी, कळव्यापासून पुढे ऐरोलीकडे, ही झाडे दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्यात उभी राहतात. बरेचसे मीठ ती मुळांशीच थोपवतात. तरीही जे आत शिरते, ते पानांवाटे पुन्हा बाहेर ठेवून देतात. चिखलातून वर आलेल्या त्यांच्या श्वासमुळांमधून निवट्या उड्या मारत जातात, चिंबोऱ्या बिळांच्या तोंडाशी थबकतात. पान जिभेला लावले तर ओठांवर शब्द येतो, खार. आणि काठावरच्या शिरीषाच्या खोडावरून, रामाची बोटे पाठीवर मिरवत, उलटी उतरत येते तीही खारच.

तो खार आणि ती खार. मराठीने दोघांना एकच नाव दिले आणि फक्त लिंग बदलून वेगळे ठेवले. ती एवढीशी, भित्री, शेपटीने हवा झाडणारी. तो मात्र सगळीकडे मुरलेला. लोणच्याच्या फोडी संपल्यावर बरणीच्या तळाशी उरतो तो खार. पापडाच्या पिठात पडतो तो पापडखार. नको त्या खर्चाने खिशाला लागतो, आणि मनात धरून वर्षानुवर्षे कुणावर खाल्लाही जातो. दुपारी समुद्रावरून येतात ते खारे वारे. त्यांच्या उलट, रात्री जमिनीकडून जाणारे मतलई. शाळेत हे वारे पाठ केले, पण ते अंगावर घेतले कधी, असे तुम्हालाही वाटत असेल. डोंबिवलीच्या टपरीवर कुणी ‘चहाबरोबर दोन खारी द्या’ म्हणते, तेव्हा वरच्या झाडावरच्या दोघी दचकल्या असतील, अशी शंका मला उगाचच येते.

पण या शब्दाचे खरे घर जमिनीत आहे. खाडीचे पाणी अडवून, मातीचा बांध घालून जी शेते काढली, ती खार जमीन. बांधात ठेवलेल्या झडपेला उघाडी म्हणतात. ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने ती उघडते, भरतीला बाहेरच्या रेट्याने मिटते. पहिले पाऊस जमिनीतला खार धुऊन खाली नेतात, आणि मग तिथे रात्यासारखा, मिठाची सवय असलेला भात उभा राहतो. बांधाला खांड पडली, तर एका उधाणात सारे खाडीचे होते. म्हणून गाव बांधावर एकत्र येई. या बांधबंदिस्तीसाठी राज्यात 1979 मध्ये खारभूमी विकासाचा कायदाही झाला. इथल्या आगरी समाजाच्या नावातच आगर आहे, मिठाचे आणि भाताचेही. आज त्यातल्या किती शेतांवर इमारती आहेत, ते लोकलच्या खिडकीतून दिसतेच. खारेगाव, खारबाव, खारघर: जमिनी बुजल्या, नावे मात्र अजून ओलसर आहेत.

संस्कृतातला क्षार निघाला आणि ज्या काठाला लागला तिथली चव घेऊन बसला. कानडीत खारा म्हणजे तिखट. डोंबिवलीतल्या एखाद्या कानडी घरात ‘आज खारा जास्त झाला’ म्हटले, तर मराठी शेजारीण मिठाचा अंदाज चुकला समजून हळहळते, आणि तिकडे चुकलेली असते मिरची. भिवंडीत मागांवर राबणाऱ्या तेलुगू पद्मशाली घरांत कारम म्हणजे थेट लाल तिखटच. तमिळमध्येही कारम जिभेला झोंबतेच. मग ईशान्येला, आसामात जावे. तिथे केळीची साल जाळून, तिची राख पाण्यात भिजवून गाळलेले पाणी, तो खार. त्यात शिजवलेला पदार्थही खारच, आणि जेवणाची सुरुवात त्याने होते. राखेचा खार, मिरचीचा खार, समुद्राचा खार! जिभेवर काहीतरी दंश करते, एवढीच त्यांची ओळख शिल्लक राहिली असावी.

याहून नवलाचा आहे तो फारसीतून आलेला. उर्दूत खार म्हणजे काटा. क्षाराशी त्याचे रक्ताचे नाते नाही. ध्वनी जुळला, एवढेच. मुंब्र्यात किंवा भिवंडीत मुशायरा रंगला की गुल आणि खार, फूल आणि काटा, एका ओळीत शेजारी बसतात. आणि खाडीकाठी तिवरांच्या पायाशी मारांडी उगवते. तिला निळी-जांभळी फुले येतात, पानांच्या कडा काटेरी असतात, मुळे मिठात असतात. एका झुडपाने दोन भाषांचे खार अंगावर वागवावेत, आणि त्याला याचा पत्ताही नसावा! कुणावर खार खाऊन असणारा माणूस कोणता खार खातो, मिठाचा की काट्याचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कल्याणच्या पलीकडे उल्हासनगर आहे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे इथल्या लष्करी छावणीच्या बराकींत येऊन राहिली. त्यांतल्या अनेकांच्या आठवणीत कराचीचे दोन दरवाजे होते. एक समुद्राकडचा, खारादर. दुसरा गोड पाण्याच्या ल्यारी नदीकडचा, मिठादर. आता गंमत पाहा, त्यांचा मिठा गोड, आपले मीठ खारट. पण दोघांचेही मूळ एकच, संस्कृतातले मृष्ट, मिष्ट. आपल्याकडे कुणीतरी, कधीतरी, खाऱ्यालाच गोड म्हणून हाक मारली आणि ती चालून गेली. कराचीचा खारा दरवाजा मागे टाकून आलेली माणसे उल्हास नदीच्या खोऱ्यात विसावली, आणि त्याच नदीच्या मुखातून भरती खारे पाणी कल्याणच्या दुर्गाडीपर्यंत आत आणत राहिली. मधल्या पट्ट्यातल्या धड गोड नाही, धड खारट नाही, अशा पाण्याला आपण मचूळ म्हणतो. कोळंबीची पिले वाढतात ती याच पाण्यात.

हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत रोहित उतरतात, चोच उलटी धरून पाण्यातले शेवाळ गाळत राहतात. त्यांच्या पंखांचा गुलाबी रंग याच खाण्यातून येतो. 2015 मध्ये त्यांच्यासाठी खाडीचा एक भाग अभयारण्य झाला, 2022 मध्ये खाडी रामसर स्थळांच्या यादीत गेली. यांतले पुष्कळ पक्षी कच्छच्या रणात जन्मलेले. त्याच कच्छात खाराई नावाचा उंट आहे. नाव खाऱ्यावरूनच पडलेले. फकिराणी जत मालधारी त्याला पाळतात. भरतीचे पाणी तो पोहून पार करतो, बेटांवर जातो आणि तिथला तिवर चरतो; तिकडे तिवराला चेर म्हणतात. ठाण्याच्या खाडीला उंटाची सवय नाही. पण आलाच एखादा पोहत, तर त्याचे पान इथे वाढून ठेवलेलेच आहे, मीठही लावलेले.