बॅटरी बदलण्याआधी डेल्को पुसून बघ

बाळ,

तुझी जुनी मिनी मँचेस्टरच्या गारठ्यात सकाळी का सुरू होत नाही, आणि मुंबईत थंडी नसतानाही पद्मिनी टॅक्सीवाले पावसाळ्यात बॉनेट उघडून फडकं का फिरवत, असे दोन प्रश्न तू विचारलेस. रोमन लिपीत का होईना, मराठीत विचारलेस, बरं वाटलं. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यातच आहे. जुलैत मुंबईचा पारा 24-25 अंशांच्या खाली फारसा उतरत नाही. तिथे ना तेल घट्ट होतं, ना बॅटरी गारठते. तरी कुर्ल्यात बनलेल्या त्या गाड्या दमट हवेत रुसत. म्हणजे गाडी अडवायला नुसती ओल पुरते. बॅटरीच्या बारा व्होल्टांचे कॉइलमध्ये दहा-वीस हजार होतात आणि डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे आपल्या मेकॅनिकांच्या डेल्कोच्या, टोपीतून जाड वायरींनी प्लगपर्यंत जातात. टोपीवर धूळ-तेलाचा थर असला आणि त्यावर दव धरलं, की करंट तिथूनच इंजिनाच्या लोखंडात पळतो. प्लगला ठिणगी मिळतच नाही. तुझ्या मिनीत तर हे दुखणं जन्मजात आहे. ॲलेक इसिगोनिसने 1959 च्या त्या गाडीत इंजिन आडवं बसवलं. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून इंजिनाचं तोंड उलटं फिरवून तो मागे नेला, असं एक कारण सांगतात. त्यामुळे डेल्को आला पुढच्या जाळीमागे, थेट पावसाच्या तोंडी. एकाची सर्दी टाळली नि दुसऱ्याला भिजत ठेवलं!

तू म्हणशील, थंडीत बॅटरीही अशक्त होते. होते ना, उणे 18 अंशांवर तिची ताकद निम्म्यावर येते. पण तुमच्याकडचा हिवाळा बहुतेक शून्याच्या वरच असतो. निवाडा सेल्फवरून कर. तो रखडत फिरला तर बॅटरी नाहीतर तिची टर्मिनलं. जोरात फिरूनही इंजिन धरत नसेल तर आधी करंट बघ. कधी दोन्ही एकदम नडतात, कारण सेल्फ ओढत असताना व्होल्ट पडतात, कॉइलला कमी मिळतं आणि उरलेलं ओली टोपी खाते. म्हणून सारखा सेल्फ मारत बसू नकोस. थंड पेट्रोलची वाफ नीट होत नाही, तेव्हा चोक हवाच. पण ठिणगीच नसेल तर चोकने फक्त प्लग भिजतात. डब्ल्यूडी-40 मार, असं कुणी सांगेल. 1953 साली ते पाणी हटवायलाच बनवलं गेलं, सकाळपुरता उपयोग होईलही. टोपीला तडा असेल तर मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलंस तर डेल्कोतले पॉइंट जातात, पण टोपी आणि वायरी त्याच राहतात. आणि बहुतेक नव्या पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगला आपली कॉइल असते, तिथे ही कटकटच नाही, हेही कबूल. पण टोपी बदलून जे भागतं त्यासाठी गाडी विकायची? तुम्हा मुलांना दुरुस्त करण्यापेक्षा बदलणं सोपं वाटतं, आणि ते गाडीपुरतंच असतं तर मी बोललोही नसतो.

रात्री अंधारात बॉनेट उघडून कुणाला तरी सेल्फ मारायला सांग. वायरींवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर चोर सापडला. हात मात्र लावू नकोस. मग गाडी बंद करून टोपी काढ, आतबाहेर कोरडी पूस, आतला काळा तडा शोध. वायरींचा क्रम आधी कागदावर उतरव, मिनीचा 1-3-4-2. सेल्फ कसा फिरतो ते कळव, मग बॅटरीचं बोलू. फोनवर नको, सविस्तर लिही.

तुझा,
काका